वनस्पती व प्राण्यांच्या अवयववर्णनातील आकारवाचक संज्ञा : उपमेपासून मापापर्यंत

गोषवारा

जीवशास्त्रीय वर्णनात वापरल्या जाणाऱ्या आकारवाचक संज्ञा मुळात उपमा आहेत. कालांतराने त्या उपमांना निश्चित अर्थ व मर्यादा देण्यात आल्या. संज्ञा कोणत्या वस्तूवरून आली, अवयवाच्या कोणत्या भागाला व किती मितींमध्ये ती लागू होते आणि तिची मापातील सीमा कोठे आहे, या तीन गोष्टी ठाऊक असल्याशिवाय तिचा उपयोग केवळ पाठांतरापुरता राहतो. प्रस्तुत लेखात पाने, कीटकांच्या शृंगिका व माशांची शरीरे यांच्या उदाहरणांनी या तीन गोष्टींचे विवेचन केले आहे, आणि औषधी वनस्पतींच्या ओळखीत त्यांचे व्यावहारिक महत्त्व दाखविले आहे.

बीजसंज्ञा : आकारविज्ञान, पर्णाकार, शृंगिका, परिभाषा, वनस्पतींची ओळख

१. प्रास्ताविक

पदवी वर्गातील वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यासमोर एक फांदी ठेवली जाते आणि तिचे वर्णन करण्यास सांगितले जाते. पान साधे की संयुक्त, मांडणी एकाआड एक की समोरासमोर, येथपर्यंतचे उत्तर बहुधा बरोबर येते, कारण तेथे दोनतीन पर्यायांतून एकाची निवड करावयाची असते. पात्याच्या आकाराचा प्रश्न आला की मात्र उत्तरे विखुरतात. त्याच पानाला कोणी अंडाकृती म्हणतो, कोणी लंबवर्तुळाकृती, तर कोणी भाल्यासारखे. प्राणिशास्त्राच्या वर्गातही कीटकाच्या शृंगिकेचे किंवा माशाच्या शरीराचे वर्णन करताना हीच स्थिती असते.

या गोंधळाचे खापर केवळ विद्यार्थ्याच्या निरीक्षणशक्तीवर फोडणे योग्य होणार नाही. आपण त्याच्या हाती शब्द देतो, पण त्या शब्दाची व्याप्ती देत नाही. आकारवाचक संज्ञा ही वर्णनाची सजावट नसून ओळखीचे साधन आहे, ही या लेखामागील भूमिका आहे. येथे ‘आकार’ हा शब्द केवळ बाह्यरूप या अर्थी वापरला असून लहानमोठेपणासाठी ‘आकारमान’ हा शब्द योजला आहे. दैनंदिन मराठीत या दोहोंची सरमिसळ होते. शास्त्रीय लेखनात ती टाळणे आवश्यक आहे.

२. उपमांचा उगम

अपरिचित वस्तूचे वर्णन परिचित वस्तूच्या आधारे करणे ही मानवी भाषेची स्वाभाविक रीत आहे. भारतीय परंपरेतील वनस्पतींची नावे याची साक्ष देतात. एरंडाच्या पानाच्या पसरलेल्या खंडांवरून त्याला संस्कृतात ‘पंचांगुल’ हे नाव मिळाले. ‘मंडूकपर्णी’ या नावात बेडूक आहे. गोकर्णाच्या फुलात गाईचा कान पाहिला गेला आणि जमिनीवर पसरणाऱ्या एका लहान वेलीच्या पानात उंदराचा कान पाहून मराठीने तिला ‘उंदीरकानी’ म्हटले.

युरोपातही हेच घडले. उंदीरकानीचे एक जुने शास्त्रीय नाव आयपोमिया रेनिफॉर्मिस, म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराची, असे होते. आज रूढ असलेल्या मेर्रेमिया एमार्जिनाटा या नावात पानाच्या टोकाशी असलेल्या खाचेचा निर्देश आहे. एकाच पानात मराठी माणसाला कान, एका लॅटिन नावाला मूत्रपिंड आणि दुसऱ्याला खाच दिसली. यांपैकी एकही निरीक्षण चुकीचे नाही. परंतु तीन निरीक्षकांनी तीन उपमा वापरल्या, तर चौथ्या वाचकाला ती वनस्पती एकच आहे हे कळणार नाही. शास्त्राला उपमेपलीकडे जावे लागले ते या कारणाने.

कार्ल लिनियस यांनी १७५१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात पानांच्या आकारांची चित्रे देऊन प्रत्येकास नाव दिले. लॅटिन ही तेव्हा विद्वानांची सामाईक भाषा असल्याने ही नावे सर्वत्र पसरली. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देण्याचे बंधन पुढे आंतरराष्ट्रीय नियमांतही आले. १ जानेवारी २०१२ पासून ते शिथिल होऊन लॅटिन किंवा इंग्रजी असा पर्याय मिळाला. वर्णनाची भाषा बदलली तरी संज्ञा मात्र बहुतांशी लॅटिन घडणीच्याच राहिल्या. मराठीत भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश व मराठी विश्वकोश यांनी त्यांना प्रतिशब्द दिले आणि मराठीतून जीवशास्त्र लिहिणे शक्य केले.

मात्र प्रतिशब्दाबरोबर मूळ वस्तूही डोळ्यांसमोर यावी लागते. ‘हृदयाकृती’ या संज्ञेतील हृदय हे शरीरातील हृदय नव्हे, तर पत्त्यांतील हृदय होय, ज्याला मराठीत आपण ‘बदाम’ म्हणतो. विद्यार्थ्याला पत्त्यांतील बदाम दाखविला की ही संज्ञा क्षणात उलगडते. शरीरशास्त्राच्या पुस्तकातील हृदय दाखविले तर तो अधिकच गोंधळतो. ‘मूत्रपिंडाकृती’ या संज्ञेसाठी बकऱ्याचे मूत्रपिंड उपयोगी पडते, पण गाईचे नाही, कारण ते बाहेरून अनेक खंडांत विभागलेले असते. कोकणातील विद्यार्थ्यासाठी काजूगर हे याहून सोपे उदाहरण ठरेल.

३. संज्ञेचे क्षेत्र : कोणता भाग, किती मिती?

उपमा समजली तरी ती कशास लावावयाची हा प्रश्न उरतो. ‘हृदयाकृती’ ही संज्ञा दोन प्रकारे वापरली जाते. कधी ती संपूर्ण पात्यास लागू असते, तर कधी केवळ पात्याच्या तळास. ‘पान अंडाकृती, तळ हृदयाकृती’ हे वर्णन सुसंगत आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. पाते, तळ, टोक व कडा या चारही भागांचे वर्णन स्वतंत्रपणे करावयाचे असते. पिंपळाच्या पानाची लांब शेपटीसारखी अणी हा टोकाचा विशेष आहे. तो ‘हृदयाकृती’ या शब्दात सामावत नाही.

काही संज्ञा आकाराच्या वाटतात, पण प्रत्यक्षात जोडणीविषयी असतात. कमळ व अळू यांच्या पानांना ‘छत्राकृती’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दात छत्रीऐवजी ढाल आहे. दोन्ही उपमांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : देठ पात्याच्या कडेला न जुळता खालच्या पृष्ठभागावर आतल्या बाजूस जुळतो. पात्याची बाह्यरेषा काय आहे हा प्रश्न यात नाही. म्हणूनच कमळाचे पान जवळजवळ वर्तुळाकार आणि अळूचे टोकदार असूनही दोन्ही छत्राकृती ठरतात.

उपसर्गांकडेही लक्ष द्यावे लागते. ‘व्यस्त’ हा उपसर्ग आकार उलटा करतो. अंडाकृती पान तळाकडे रुंद असते, तर व्यस्त अंडाकृती पान टोकाकडे. पत्त्यांतील बदामाचे नाव घेतले त्याच नावाच्या झाडाचे, देशी बदामाचे, पान हृदयाकृती नसून व्यस्त अंडाकृती असते. आंबुशीची तीन दले व्यस्त हृदयाकृती असतात, म्हणजे बदामाची खाच टोकाकडे व अणकुची देठाकडे असते. इंग्रजीतील ‘ऑब्लाँग’ या शब्दाच्या आरंभी तोच उपसर्ग दिसतो. पण तेथे उलटेपणाचा अर्थ नाही, तो शब्द केवळ आयताकृती असा आहे. इंग्रजी संज्ञा पाठ करणारे विद्यार्थी येथे हमखास फसतात.

याहून मोठी अडचण मितींची आहे. पान ही सपाट, तर फळ ही घन वस्तू आहे. लॅटिन परंपरेत सपाट अंडाकृतीला ‘ओव्हेट’ व घन अंडाकृतीला ‘ओव्हॉइड’ असे दोन शब्द आहेत. मराठीत पानही अंडाकृती आणि फळही अंडाकृती. ‘गोल’ या शब्दाची स्थिती तीच : रुपया गोल आणि लिंबूही गोल. सपाट वस्तूस ‘वर्तुळाकार’ व घन वस्तूस ‘गोलाकार’ असा भेद कटाक्षाने पाळता येतो. अंडाकृतीच्या बाबतीत मात्र ‘घन’ हे विशेषण जोडणे हा सध्या सर्वांत सुरक्षित मार्ग दिसतो.

४. मापाची शिस्त

संज्ञेचे क्षेत्र निश्चित झाल्यावर तिच्या सीमा ठरवाव्या लागतात. ‘भाल्यासारखे’ ही संज्ञा याचे बोधप्रद उदाहरण आहे. लिनियस यांच्या व्याख्येनुसार असे पान लांबट व दोन्ही टोकांकडे क्रमाने निमुळते होत जाणारे, म्हणजेच मध्यभागी सर्वांत रुंद होते. पुढील काळातील अनेक लेखकांनी मात्र हाच शब्द मध्याच्या खाली सर्वांत रुंद असलेल्या अरुंद पानासाठी वापरला. भाल्यांची पाती तरी सर्वत्र सारखी कोठे असतात? ज्याने जसा भाला पाहिला, तसे त्याने पान पाहिले. परिणामी दोन ग्रंथांत एकच शब्द असूनही दोन भिन्न आकार अभिप्रेत असू शकतात.

हा गोंधळ दूर करण्यासाठी ब्रिटनमधील ‘सिस्टिमॅटिक्स असोसिएशन’ या संस्थेच्या समितीने १९६२ साली सममित सपाट आकारांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. या तक्त्याचा आधार दोनच गोष्टींचा आहे : लांबी व रुंदी यांचे गुणोत्तर, आणि सर्वांत रुंद भागाचे स्थान. रुंद भाग मध्यावर असेल, तर गुणोत्तर २:१ ते ३:२ असताना पान लंबवर्तुळाकृती, ३:१ ते ६:१ असताना अरुंद लंबवर्तुळाकृती आणि १:१ असताना वर्तुळाकार ठरते. रुंद भाग मध्याच्या खाली असेल, तर २:१ ते ३:२ या गुणोत्तरास अंडाकृती आणि ३:१ ते ६:१ या गुणोत्तरास अरुंद अंडाकृती, म्हणजेच भाल्यासारखे, असे म्हणतात. गुणोत्तर १२:१ वा त्याहून अधिक झाले की पान रेषाकृती होते. पानांच्या शिराविन्यासाच्या अलीकडील अभ्यासपद्धतीत रेषाकृतीची सीमा १०:१ मानली जाते, आणि सर्वांत रुंद भाग मधल्या एकपंचमांशात, तळाकडील दोनपंचमांशांत की टोकाकडील दोनपंचमांशांत, असा प्रश्न विचारला जातो. सीमा थोड्या वेगळ्या असल्या तरी विचाराची दिशा एकच आहे.

एक पान घेऊ. देठ वगळून पात्याची लांबी १२ सेंटिमीटर, कमाल रुंदी ४ सेंटिमीटर, आणि ही कमाल रुंदी तळापासून ३.५ सेंटिमीटरवर आहे. गुणोत्तर ३:१ येते. रुंद भाग तळाकडील दोनपंचमांशांत, म्हणजे ४.८ सेंटिमीटरच्या आत पडतो. पान अरुंद अंडाकृती, अर्थात भाल्यासारखे ठरते. हाच रुंद भाग तळापासून ६ सेंटिमीटरवर असता, तर त्याच लांबीरुंदीचे पान अरुंद लंबवर्तुळाकृती ठरले असते. प्रास्ताविकात उल्लेखिलेला तीन विद्यार्थ्यांचा मतभेद मोजपट्टीने अर्ध्या मिनिटात मिटतो.

अर्थात निसर्ग तक्त्याप्रमाणे चालत नाही. फणसाच्या रोपट्यावरील पाने पुष्कळदा खंडित असतात, तर प्रौढ झाडावरील अखंड असतात. त्यामुळे एकाच पानावरून निर्णय न करता अनेक पाने मोजून मर्यादा नोंदवाव्या लागतात. ‘अंडाकृती ते भाल्यासारखी’ असे लिहिल्यास पानांमध्ये त्या दोहोंमधील विविधता आढळते असा अर्थ होतो. ‘अंडाकृती-भाल्यासारखे’ अशी जोडरेषा वापरल्यास प्रत्येक पान त्या दोहोंच्या मधल्या आकाराचे आहे असे सूचित होते. एका जोडरेषेने अर्थ बदलतो, हे संपादन करताना ध्यानात ठेवावयास हवे.

५. प्राणिसृष्टीतील संज्ञा

कीटकांच्या शृंगिकांचे वर्णन म्हणजे नित्याच्या वापरातील वस्तूंची जणू यादीच आहे. झुरळाची शृंगिका दोऱ्यासारखी, वाळवीची मण्यांच्या माळेसारखी, फुलपाखराची टोकाशी फुगीर म्हणजे गदाकृती, रेशमाच्या पतंगाची फणीसारखी आणि मुंगीची कोपरात वाकवलेल्या हातासारखी असते. शेणकिड्याच्या शृंगिकेच्या टोकाशी पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. या संज्ञांचा उपयोग प्रत्यक्ष आहे. नर डासाची शृंगिका दाट केसांमुळे पिसासारखी दिसते, मादीची विरळ केसांची असते. रक्त शोषणारी केवळ मादीच असल्याने, रोगप्रसाराच्या सर्वेक्षणात हा भेद साध्या भिंगाखाली ओळखता येणे महत्त्वाचे ठरते.

माशांच्या बाबतीत मराठीतील ‘चपटा’ हा शब्द अपुरा पडतो. पापलेटही चपटे आणि पाकटही चपटा. परंतु पापलेट दोन्ही कुशींकडून, तर पाकट पाठीपोटाकडून चपटा असतो. प्राणिशास्त्रात या दोहोंसाठी स्वतंत्र संज्ञा आहेत. लेप हा मासा समुद्रतळाशी आडवा पडलेला असल्याने पाकटासारखा वाटतो. पण तो कुशीकडून चपटा झालेला मासा असून एका कुशीवर निजलेला असतो, म्हणून त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूस आलेले असतात. ‘पार्श्वतः चपटा’ व ‘पृष्ठतः चपटा’ असे लिहिले की हा भेद स्पष्ट होतो. बांगड्याचे मध्ये जाड व दोन्ही टोकांकडे निमुळते होणारे शरीर तर्कुरूप, म्हणजे सूत कातण्याच्या टकळीवरील भरलेल्या सुतासारखे असते. आजच्या विद्यार्थ्याने टकळी पाहिलेली नसते. त्यामुळे उपमा मराठी असूनही ती त्याला परकीच राहते.

एकच संज्ञा अगदी भिन्न अवयवांना लागू पडते, हेही येथे नोंदवावयास हवे. मनुष्याच्या मनगटातील आठ अस्थींपैकी एक चंद्रकोरीसारखी आहे, आणि वेगाने पोहणाऱ्या कुपा माशाचे शेपूटही चंद्रकोरीसारखे आहे. चमचा या पक्ष्याची चोच आणि घोळीचे पान, दोन्ही चमच्यासारखी. या साम्यावरून नात्याचा किंवा कार्याचा निष्कर्ष काढता येत नाही. आकारवाचक संज्ञा रूप सांगते. उगम व उपयोग यांचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

६. ओळखीतील कसोटी : ब्राह्मी व गुळवेल

या साऱ्या काटेकोरपणाचे प्रयोजन काय, याचे उत्तर औषधी वनस्पतींच्या क्षेत्रात मिळते. ‘ब्राह्मी’ या नावाने दोन अगदी भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. त्यांपैकी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, हिची पाने लांब देठाची व मूत्रपिंडाकृती असतात. दुसरी, बॅकोपा मॉनिएरी, हिची पाने लहान, मांसल, देठरहित व चमच्यासारखी असतात. येथे एकच आकारवाचक शब्द नीट वापरला तरी दोहोंची गल्लत टळते.

गुळवेलीच्या बाबतीत परिस्थिती उलट आहे. तिच्या टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या नावातच हृदयाकृती पान आहे. कोविड साथीच्या काळात गुळवेलीचा वापर पुष्कळ वाढला. २०२१ साली मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध तिच्या सेवनाशी जोडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा केंद्रीय आयुष मंत्रालयाने, सेवन केलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासले गेले नसून ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही सारखी दिसणारी जात असू शकेल, असा आक्षेप घेतला. या वादाची वैद्यकीय बाजू प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेर आहे. आकारविज्ञानाच्या दृष्टीने त्यातून मिळणारा धडा मात्र निःसंदिग्ध आहे. दोन्ही जातींची पाने हृदयाकृती असतात. म्हणून ‘हृदयाकृती पानांची वेल’ ही ओळख येथे निरुपयोगी ठरते. भेद अन्यत्र शोधावा लागतो. क्रिस्पाचे खोड ठळक गाठींनी भरलेले असते, तर गुळवेलीच्या खोडावर पातळ, कागदासारखी सुटणारी साल व वल्करंध्रे दिसतात. गुळवेलीचे पिकलेले फळ लाल व साधारणतः गोलाकार, तर क्रिस्पाचे नारिंगी व घन लंबवर्तुळाकृती असते. मितींचा जो भेद वर केवळ भाषिक वाटला, तोच येथे दोन जातींमधील भेद ठरतो. वाळलेल्या खोडाचे तुकडे किंवा चूर्ण हाती आल्यास तर पान व फळ यांची कोणतीच संज्ञा मदतीला येत नाही. ओळख तोडणीपूर्वीच, उभ्या वेलीवर व्हावयास हवी.

७. समारोप

डार्सी टॉम्सन यांनी १९१७ साली ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथात आकाराचा विचार गणिताच्या भाषेत मांडला आणि आलेखाच्या रेषा ताणून एका माशाच्या आकृतीतून दुसऱ्याची आकृती कशी मिळते हे दाखविले. आज संगणकाच्या साहाय्याने अवयवावरील निश्चित बिंदूंची मोजणी करून आकारांची तुलना केली जाते. तरीही आकारवाचक संज्ञांची गरज संपलेली नाही. रानात, बाजारात व प्रयोगशाळेत पहिली ओळख डोळ्यांनीच होते, आणि ती दुसऱ्यापर्यंत शब्दांनीच पोहोचते.

वरील विवेचनावरून अध्यापनासाठी काही सूचना कराव्याशा वाटतात. संज्ञा शिकविताना ती ज्या वस्तूवरून आली ती वस्तू, किंवा विद्यार्थ्याच्या परिसरातील तिच्या तोडीची वस्तू, दाखवावी. संज्ञा अवयवाच्या कोणत्या भागास लागू आहे आणि तो सपाट आहे की घन, हे प्रत्येक वेळी वदवून घ्यावे. महाविद्यालयाच्या आवारातील एकाच झाडाची किमान दहा पाने प्रत्येक विद्यार्थ्याकडून मोजून घ्यावीत. लांबी, कमाल रुंदी व तिचे तळापासूनचे अंतर यांची नोंद करून मगच संज्ञा लिहू द्यावी. यासाठी मोजपट्टीखेरीज कोणतेही साधन लागत नाही. मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘गोल’, ‘चपटा’ व ‘अंडाकृती’ या तीन शब्दांतील संदिग्धता प्रथमच समजावून दिली, तर पुढील बऱ्याच चुका टळतील.

उंदीरकानी हे नाव ज्याने ठेवले, त्याने ते पान निश्चितच जवळून पाहिले होते. शास्त्रीय संज्ञा त्याच्याकडून एवढीच अधिक अपेक्षा करते की, त्याने पाहिलेले दुसऱ्याला पडताळून पाहता यावे.